मस्टर पाड्यावर वाचलं पाहिजे

(संघटनेच्या उन्हाळी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या साथीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण जमिनीवर बोललो. नेवाड, दंडाच्या पावत्या, ३१ मार्च १९७८ ची तारीख. आज मला दुष्काळी कामांच्या पैशावर बोलायला सांगितलंय. रात्री दोन पोरं म्हणाली, काका, जमिनीच्या लढाईत हे मध्येच कशाला? कशाला ते शेवटी सांगतो. आधी माझी स्वतःची गोष्ट ऐका. दुसऱ्याच्या चोरीवर बोलायला काही लागत नाही.

बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं इथे पुढे बसली आहेत. मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली. मी तेव्हा वीस वर्षांचा. सातवी शिकलेला, म्हणजे आमच्याकडच्या पाड्यांत लिहिता-वाचता येणारा मी एकटाच. रस्त्याच्या कामावर मला मस्टर कारकुनाच्या हाताखाली ठेवलं. सकाळी नावं पुकारायची, हजेरी मांडायची, पगाराच्या दिवशी अंगठे घ्यायचे. माणसं असायची चाळीस-पंचेचाळीस. एका शनिवारी साहेब म्हणाले, साठ लिही. मी म्हटलं, साठ नाहीत. ते म्हणाले, नावं सुचत नसतील तर मी सांगतो. मग मी लिहिली. माझ्या मामाचं नाव लिहिलं. मामा आदल्या पावसाळ्यातच वारला होता. नावापुढे अंगठा पाहिजे, तो पण मीच दिला. एकदा डावा, एकदा उजवा. मला आठवड्याला पाच रुपये वर मिळायचे. घरात दाणे यायचे. मी गप्प राहिलो.

हे मस्टर पुढे कुठे जातं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ते तालुक्याला गेलं, तिथे त्याची बेरीज झाली. बेरीज जिल्ह्याला गेली, तिथे मोठी बेरीज झाली. मग मुंबई, मग दिल्ली. वाटेत नावं गळून पडली, नुसता आकडा राहिला. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं सरकारी आकडे सांगतात. त्यातली बहुतेक खरीच होती. त्या कामांनीच आपण जगलो, हे विसरायचं नाही. पण त्या आकड्यात माझा मेलेला मामा पण खडी फोडत होता.

आता हा पैसा कोणाचा असतो ते बघू. कारण पैसा कोणाचा हे कळल्याशिवाय हिशोब कोणाला मागायचा ते कळत नाही.

पहिला पैसा रोजगार हमीचा. तो आधी महाराष्ट्र सरकारचा स्वतःचा असायचा. शहरातले पगारदार आणि धंदेवाले व्यवसाय कर भरतात, राज्य सरकार त्यात आपली भर घालतं. त्याचा कायदा १९७७ चा. त्यावर लक्ष ठेवायला तालुक्याची समिती, जिल्ह्याची समिती आणि वर आमदारांची समिती आहे.

दुसरा पैसा जवाहर रोजगार योजनेचा. १९८९ पासून सुरू झाली. रुपयातले ८० पैसे दिल्लीचे, २० पैसे राज्याचे. १९९९ पर्यंत हा पैसा पंचायतीपर्यंत यायचा.

तिसरा पैसा आपत्तीचा. दुष्काळ, पूर, गारपीट. पूर्वी रीत अशी होती की दुष्काळ पडला की राज्य सरकार दिल्लीला निवेदन पाठवायचं. दिल्लीहून पथक यायचं. जीपमधून उतरून डांबरी रस्त्याच्या कडेची दोन शेतं बघायचं आणि आकडा ठरवायचं. मुंबईवाले आकडा फुगवणार, दिल्लीवाले कापणार, असा तो सौदा. १९९० पासून यात बदल झाला. प्रत्येक राज्याचा आपत्ती निवारण निधी केला. त्यात रुपयातले बारा आणे दिल्लीचे, चार आणे राज्याचे. खर्च कसा करायचा ते राज्याची समिती ठरवते, तिच्यावर मुख्य सचिव बसतात. फार मोठं संकट असेल तर त्यासाठी १९९५ पासून दिल्लीने ७०० कोटींचा वेगळा निधी पाच वर्षांसाठी ठेवला होता.

म्हणजे बघा. बारा आणे दिल्लीचे. पण खर्च करणार राज्य, आणि खर्च नीट झाला का ते बघणारही आधी राज्यच. कलेक्टर खालून हिशोब मागवणार, आयुक्तांकडे देणार, ते मंत्रालयात देणार. शेवटी दिल्लीला दाखला जातो की इतका पैसा आला, इतका खर्च झाला. या दाखल्याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. हा शब्द पाठ करा, पुढे लागणार आहे.

या प्रमाणपत्रात काय लिहिलेलं असतं? पैसा खर्च झाला. पोचला असं त्यात नसतं. माझ्या मामाचे अडीच रुपये रोज खर्च झालेच होते ना? हिशोबात एक पैशाची चूक नव्हती. मस्टरला बेरीज बरोबर, बेरजेला बिल बरोबर, बिलाला सही बरोबर.

कोणी म्हणेल, वर महालेखापाल आहे. आहे, आणि त्याचं काम चांगलं आहे. तो राज्याचे हिशोब तपासतो, त्याचा अहवाल विधानसभेत ठेवावा लागतो, तिथली लोकलेखा समिती तो बघते. पण हे सगळं होईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तोवर बांध वाहून गेलेला असतो, साहेबाची बदली झालेली असते, आणि मजूर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो.

तेव्हाच्या बिहारचं बघा. १९९६ च्या जानेवारीत चाईबासातल्या पशुपालन खात्याच्या कचेऱ्यांवर तिथल्या कलेक्टरने धाड घातली आणि चारा घोटाळा उघडा पडला. चाईबासा हा हो आदिवासींचा मुलुख, आपल्यासारखाच. जनावरांच्या चाऱ्याचा, औषधाचा पैसा. बजेटात जेवढा मंजूर त्याच्या कितीतरी पट तिजोरीतून उचलला. आकडा साडेनऊशे कोटींच्या आसपास सांगतात. हा काही दिल्लीचा दुष्काळी निधी नव्हता, राज्याच्या खात्याचा पैसा होता. तरी मी हे का सांगतोय? कारण बिलं सगळी जागेवर होती. ज्या ट्रकांनी चारा वाहिला म्हणून बिलं काढली, त्यांचे नंबर तपासले तर ते स्कूटरचे आणि मोटारींचे निघाले. स्कूटरवरून टनाने चारा गेला! आणि वर्षानुवर्षं त्यावर सह्या होत राहिल्या. राज्य सरकारची देखरेख म्हणजे कागदाने कागदावर ठेवलेली देखरेख असेल, तर स्कूटरचा ट्रक होतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखणदार कोणाला हाक मारणार?

दिल्लीवाल्यांना हे माहीत नाही असं नाही. राजीव गांधी पंतप्रधान असताना १९८५ मध्ये कालाहंडीला गेले होते, ओरिसात. नंतर ते म्हणाले होते की रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत जातात. पंतप्रधानाला कळलं. पण बाकीचे पंच्याऐंशी कुठल्या पाड्यावर, कुठल्या मस्टरवर गळले, हे दिल्लीत बसून कोणालाच सांगता येत नाही. ते फक्त पाड्यावरच्या माणसाला माहीत असतं. माझ्या मामाला जाळायला कोण कोण आलं होतं ते दिल्लीला ठाऊक नव्हतं, पण पाड्याला ठाऊक होतं. पाड्याला कोणी विचारलं नाही.

आता राजस्थानचं ऐका. तिथे दुष्काळ आपल्यापेक्षा वाईट. अजमेर जिल्ह्यात रस्त्याच्या दुष्काळी कामावर मजुरांना किमान मजुरी पण देत नव्हते. सरकार म्हणायचं, हे काम नाही, ही मदत आहे, इथे मजुरीचा कायदा लागत नाही. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, माणसाकडून काम घेतलं आणि किमान मजुरीपेक्षा कमी दिली तर ती वेठ झाली. बायांनो, हे लक्षात ठेवा. दुष्काळी काम म्हणजे कोणी घातलेली भीक नाही. त्यात आपला घाम आहे, म्हणून हिशोब मागायचा आपला हक्क आहे.

त्याच राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. त्यांची मजुरी अशीच कापली जायची. मोजमाप कमी भरलं असं इंजिनियर सांगायचा. ते म्हणायचे, मोजमापाचं पुस्तक दाखवा. तो म्हणायचा, ते गुप्त आहे. आपल्या खड्ड्याचं माप आणि ते आपल्यापासूनच गुप्त! मग १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात त्यांनी जनसुनवाई घेतली. मिळवलेले कागद चार लोकांत मोठ्याने वाचले. अमका, इतके दिवस, इतके रुपये. तो अमका तिथेच बसलेला. तो उठून म्हणाला, मी त्या कामावर गेलोच नाही. बस, एवढंच. वकील नको, इन्स्पेक्टर नको. जो कागद जयपूरच्या आणि दिल्लीच्या तपासणीत पास होतो, तो गावात एका वाक्यात नापास होतो.

मग त्यांनी मागणी केली की प्रत्येक मस्टरची, प्रत्येक बिलाची नक्कल गावाला मिळाली पाहिजे. १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत कबूल केलं. हुकूम निघेना. १९९६ मध्ये ब्यावर शहरात लोक चाळीस दिवस धरण्यावर बसले. १९९७ मध्ये जयपूरला त्रेपन्न दिवस बसले. शेवटी सरकारने काय सांगावं? नियम तर आम्ही सहा महिन्यांपूर्वीच बदललाय! म्हणजे हक्काचा कागद छापून ठेवला होता आणि तोच लपवला होता.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे गळती कुठे कुठे होते?

एक, मस्टर. खोटी नावं, एका दिवसाचे दोन, मेलेली माणसं.

दोन, मोजमाप. काम केलं दहा खड्ड्यांचं, पुस्तकात सात. किंवा उलट, बांध झाला गुडघ्याएवढा, पुस्तकात डोक्याएवढा. पहिल्यात मजूर बुडतो, दुसऱ्यात गाव.

तीन, पंचनामा. याच्यावर कोणी बोलत नाही, पण आपल्याला सगळ्यात जास्त मार इथे बसतो. पीक गेलं की तलाठी येतो. तो काय घेऊन येतो? सातबारा. ज्याचा सातबारा त्याचा पंचनामा. तुमची नेवाडातली ज्वारी जळली, तूर गेली, तरी कागदावर ती उगवलीच नव्हती. कारण कागदावर तिथे जंगल आहे. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की सवलती मिळायच्या. कसली सवलत? शेतसारा तहकूब. आपण शेतसारा भरतच नाही, आपल्याला भरू देत नाहीत. आपण दंड भरतो. दंड कधी तहकूब झालेला ऐकलाय? म्हणजे दिल्लीने बारा आणे दिले ते दुष्काळात सापडलेल्या सगळ्यांसाठी, आणि राज्याने वाटताना नियम लावला सातबाऱ्याचा. हिशोब चोख. पण सगळ्यात उपाशी माणूस हिशोबाच्या बाहेर.

मग करायचं काय? आता कायद्याचं सांगतो. १९९६ च्या २४ डिसेंबरला दिल्लीत आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा झाला. खासदार भुरियांची समिती होती, तिच्या अहवालावरून. आपण याला पेसा म्हणतो. त्याच्या चौथ्या कलमात एक छोटी ओळ आहे. पंचायतीने योजनेवर पैसा खर्च केला की तो खर्च झाल्याचं प्रमाणपत्र तिने ग्रामसभेकडून घ्यायचं. मघाशी शब्द पाठ करायला सांगितला तोच हा. उपयोगिता प्रमाणपत्र. ते देणार तुम्ही. साहेब नाही, सरपंच नाही, ग्रामसभा.

यात गफलत नको म्हणून सांगतो. ही ओळ पंचायतीच्या पैशाला लागते. जवाहर योजनेचा पैसा पंचायत खर्च करायची, तिथे ती पकडता यायची. बांधकाम खातं, वन खातं, तहसील यांच्या पैशाला ती ओळ सरळ लागत नाही. तिथे आपल्याला जोर लावूनच मागावं लागेल. पण पंचायतीच्या पैशावर एकदा गावाला सवय लागली, की दुसऱ्या पैशावर गाव गप्प बसणार नाही.

(इथे एका बहिणीने विचारलं : आम्ही मस्टर मागितलं आणि कामच बंद केलं तर? पोरं काय खातील?)

बाई, तू विचारलंस ते खरं आहे. मी खोटं सांगणार नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे मस्टर मागितलं तेव्हा काम दोन आठवडे बंद पडलं. साहेब म्हणाले, वरून मंजुरी थांबली. चार घरं कोयता घेऊन गुजरातेत गेली. लोक माझ्या दारात येऊन बोलले, तुझ्या कायद्याने आमची चूल विझली. मला उत्तर नव्हतं. मग सगळ्या पाड्यांनी मिळून तहसीलवर मोर्चा नेला, तीन दिवस बसलो, तेव्हा काम परत चालू झालं आणि मस्टर वाचायला मिळालं. एका पाड्याने मागितलं तर काम बंद करता येतं. पंधरा पाड्यांनी एकाच दिवशी मागितलं तर बंद करणं जड जातं. म्हणून एकट्याने मागू नका.

आणि मस्टर वाचलं तेव्हा काय निघालं ते पण सांगतो. खोट्या नावांत माझ्या चुलत भावाचं नाव होतं. तो कामावर एक दिवस आला नव्हता. नाव द्यायचे त्याला पैसे मिळत होते. नाव वाचलं, सगळे गप्प झाले. माझ्याकडे बघायला लागले. मला उठून म्हणावं लागलं की हा माझा भाऊ आहे आणि हा कामावर नव्हता. मग मी माझी बहात्तरची गोष्ट पण तिथेच सांगितली, पहिल्यांदा. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. हे पण या कामात येतं. सरपंच आपला, मुकादम आपला, कधी संघटनेचा कार्यकर्ता पण आपलाच असतो. साहेबाला शिव्या देऊन घरच्याला सोडलं तर पुढच्या वेळी साहेब हसेल.

आता घरी जाऊन करायच्या गोष्टी.

काम सुरू झालं की पहिल्या दिवशी विचारा, पैसा कोणाचा, किती मंजूर, मजुरीचा किती. उत्तर मिळेपर्यंत रोज विचारा.

गावाची एक वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या पोरीकडे द्या. रोज संध्याकाळी कामावर किती माणसं होती, कोण होतं, तिने लिहायचं. सरकारी मस्टर आलं की शेजारी ठेवायचं.

पगाराच्या आधी मस्टर मोठ्याने वाचायला लावा. नाव वाचल्याशिवाय अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर मेलं तरी नाही.

पीक गेलं की तलाठ्याची वाट बघू नका. पाच जाणती माणसं, त्यात दोन बाया, नेवाडात जा. कोणाचं किती पेरलं, काय पेरलं, किती गेलं, शेजारी कोण, सगळं लिहा. ग्रामसभेत वाचा, ठराव करा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक तहसीलात द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर उठू नका.

आणि रात्रीच्या पोरांना आता उत्तर देतो. जमिनीच्या लढाईत हे कशाला? तुम्ही जो पंचनामा कराल तो आज पैसा आणेल का नाही, मला माहीत नाही. तो अठ्ठ्याहत्तरचा पुरावा पण होणार नाही. पण वर्षानुवर्षं गावाच्या वहीत लिहिलेलं राहील की हे शेत अमका कसतो, इथे ज्वारी होती, ती जळली. ज्यांच्याकडे दंडाची पावती नाही त्यांना सरकार विचारतं, पुरावा कुठे? आपण आजपर्यंत पुरावा दुसऱ्याच्या हाताने लिहू दिला. त्यांनी मेलेल्याला कामावर लिहिलं आणि जिवंत शेताला जंगल लिहिलं. दोन्ही खोटी एकाच पेनाची आहेत.

माझ्या अंगठ्याचं ते मस्टर आता परत आणता येत नाही. पुढच्या मस्टरचं बघू. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली वही घेऊन यायचं. कोरी असली तरी चालेल, पण वही पाहिजे.

जिंदाबाद.